किटली पाहावी घेऊन

१९९९ हे साल गोंदियाकर विसरत नाहीत. त्या वर्षी १ मे रोजी भंडारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग वेगळा निघाला आणि गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठात, ‘इग नोबेल’ नावाची पारितोषिकं वाटली गेली. आधी हसू यावं आणि मग डोकं खाजवावं लागावं, अशा संशोधनाला ती मिळतात. पदार्थविज्ञानातला एक वाटा जाँ-मार्क व्हॅनडेन-ब्रोक आणि जोसेफ केलर या दोघा गणितज्ञांकडे गेला. कामगिरी काय, तर न गळणारी तोटी कशी असावी याचं गणित. किटलीतला चहा कपात पडायचा सोडून तोटीच्या खालच्या अंगाने ओघळत टेबलावर का उतरतो, या प्रश्नाला केलर यांनी १९५७ मध्येच हात घातला होता. चहा चिकट असतो म्हणून, असं आपण समजून चालतो. केलर म्हणाले, तसं नाही. तोटीच्या ओठाशी वळताना द्रवातला दाब उतरतो आणि बाहेरची हवा त्याला तोटीवर दाबून धरते.

जिल्हानिर्मिती आणि गळकी तोटी यांचा आपसात काहीही संबंध नाही. तो जोडला रामनगरातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने. या लेखापुरतं त्यांना साहेब म्हणू. बँकेत सगळे तेच म्हणायचे. घरात या पदवीला कधी मान्यता मिळाली नव्हती.

साहेबांना निवृत्तीनंतर शुगर निघाली. डॉक्टरांनी साखर तोडली. बिनसाखरेचा चहा त्यांनी काही दिवस सोसला आणि मग कपाकडे अशा नजरेने पाहू लागले की सौ.ला काळजी वाटू लागली. त्यातच दिवाळीला बंगळुरूहून भाचा आला. त्याने मामांसाठी चिनीमातीचं एक नरसाळं, कागदी गाळण्या आणि चिकमगळूरच्या भाजलेल्या बियांची पुडी आणली होती. “मामा, या कॉफीला साखर लागतच नाही,” असं म्हणून त्याने तेत्सु कासुया या जपानी गृहस्थाची कहाणी सांगितली. कासुया संगणकाच्या नोकरीत होते. मधुमेह निघाला, गोड पेयं सुटली, कोरी कॉफी जवळ आली आणि २०१६ मध्ये डब्लिनला हाताने कॉफी गाळण्याच्या जागतिक स्पर्धेत ते पहिले आले. मधुमेहाला एवढं उज्ज्वल भवितव्य असतं हे साहेबांना कुणी सांगितलंच नव्हतं.

कासुया यांची कृती कागदावर सोपी आहे. २० ग्रॅम कॉफी, ३०० ग्रॅम पाणी. पाणी पाच हप्त्यांत ओतायचं, दर हप्ता ६० ग्रॅमचा. पहिले दोन हप्ते आंबट-गोडाचा तोल ठरवतात, पुढचे तीन कडकपणा. साडेतीन मिनिटांत सगळा कारभार आटोपतो. हप्ते हा शब्द ऐकताच साहेबांचा चेहरा उजळला. कर्जवसुलीत उभी हयात गेलेला माणूस.

भाच्याने किटली मात्र आणली नव्हती. ती बॅगेत मावली नाही म्हणे.

मग साहेबांनी घरातला गंज घेतला, सांडशीत धरला आणि उकळतं पाणी नरसाळ्यात ओतलं. पाणी कसलं पडतंय, लोंढाच तो. मधोमध खड्डा पडला, कॉफीची भुकटी कागदाच्या भिंतींवर चढून बसली आणि पाणी खड्ड्यातून सरळ खाली निघून गेलं. कपात जे उतरलं त्याला रंग होता, बाकी काही नव्हतं. सौ.नी एक घोट घेतला. “अहो, भांडी विसळलेलं पाणी मी रोजच फेकते. ते साठवून ठेवत जाऊ का तुमच्यासाठी?”

इथे थोडं त्या नरसाळ्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळा गुंता त्यानेच केला आहे. जपानची हारिओ ही १९२१ पासूनची उष्णतारोधक काचसामान बनवणारी कंपनी. तिचा ‘व्ही सिक्स्टी’ हा ड्रिपर आज जगभर चालतो. नावातला व्ही त्याच्या आकाराचा, साठ त्याच्या कोनाचा. आत वळत जाणाऱ्या बारीक कडा आणि तळाला एकच मोठं भोक. भोक मोठं असल्यामुळे पाण्याला अडवणारं तिथे कुणी नाही. किती वेगाने ओतायचं आणि कुठे ओतायचं, ही सगळी जबाबदारी ओतणाऱ्याच्या मनगटावर येते. याउलट कालिता या दुसऱ्या जपानी कंपनीच्या ‘वेव्ह’ ड्रिपरला सपाट तळ आणि तीन बारीक भोकं असतात. तो पाणी स्वतःच रोखून धरतो आणि हात थोडा चुकला तरी सांभाळून घेतो. भाच्याने वेव्ह आणला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. पण भाचे नेहमी कठीण तेच आणतात.

तेव्हा किटली घ्यायचं ठरलं. साहेब गोरेलाल चौकाकडच्या बाजारात भांड्यांच्या दुकानी गेले.

“कायले पाह्यजे जी साहेब?”

“किटली. कॉफी करायला.”

“कॉफी कराले? लग्न हाय का घरी?”

दुकानदाराचं चुकलं नव्हतं. गोंदियात कॉफी म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हिवाळ्यातल्या लग्नाच्या मांडवातलं पितळी नळ्यांचं यंत्र. फुर्रर्र करून दुधात वाफ सोडतं, फेस काढतं, वर कोकोची भुकटी भुरभुरली जाते आणि वरपक्ष खूश होतो. वर पाटी ‘एस्प्रेसो’ची असते. इटलीत एस्प्रेसो म्हणजे बारीक भुकटीतून दाबाने काढलेला घोटभर काळा अर्क. ही गोष्ट मांडवात कुणी काढत नाही आणि काढूही नये.

“मशीन भाड्यानं मिळते ना जी,” दुकानदार म्हणाला. लग्न नाही हे समजल्यावर मात्र तो ईर्षेला पेटला. लांब बारीक चोचीचं, धार सांभाळता येईल असं भांडं हवं, एवढं त्याने नेमकं पकडलं आणि माळ्यावरून एकेक वस्तू उतरवायला सुरुवात केली.

पहिली आली अॅल्युमिनियमची चहाची किटली, कचेऱ्यांमधून फिरते ती. तिची तोटी आखूड, तोंडाशी रुंद आणि भांड्याच्या वरच्या अंगाला जोडलेली. बरोबरच आहे. तिला एका दमात रांगेतले ग्लास भरायचे असतात, धार मोजत बसली तर साहेबलोक ओरडतील. नंतर रोपांना पाणी घालायची झारी आली. तिचं फवाऱ्याचं तोंड काढलं तर लांबी ठीक होती, पण ती पत्र्याची, जोडांना रंग लावलेली. गॅसवर चढवली असती तर पाण्याबरोबर रंगही उतरला असता. त्यामागोमाग तान्ह्या बाळाला दूध पाजायचं बोंडलं आलं. धार उत्तम. अगदी जागतिक दर्जाची. मावतं मात्र घोटभर. शेवटी दुकानदाराने हुकमाचं पान टाकल्यासारखं जलनेतीचं भांडं पुढे ठेवलं. निमुळती तोटी, पोटातून निघालेली, स्टीलची, घडणही सुबक. साहेब क्षणभर मोहात पडले. मग ती तोटी कशासाठी घडवलेली आहे हे आठवलं आणि त्यांनी हात मागे घेतला.

त्या दुपारी साहेबांना एक गोष्ट पटली, आणि या सगळ्या खटाटोपात तेवढीच धरून ठेवण्यासारखी आहे. किटली घ्यायची म्हणजे तोटी घ्यायची. बाकीचं भांडं पाणी धरायला. तोटी कुठून निघते, तळाशी किती रुंद आहे, टोकाला किती निमुळती होते आणि टोक कसं कापलं आहे, एवढं पाहिलं की झालं. तोटी पोटाच्या तळातून निघाली पाहिजे, म्हणजे भांडं जरा कललं की तिच्यात आधीच उभं असलेलं पाणी सावकाश पुढे सरकतं. वरून निघणाऱ्या तोटीत आधी काहीच येत नाही आणि मग एकदम लोट येतो. मधला बाक सारसाच्या मानेसारखा हवा. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर मुख्यतः गोंदियाच्या धानशेतांत आणि तळ्यांकाठी यावं लागतं, दरवर्षी त्याची गणनाही होते, त्यामुळे साहेबांना आकार समजावायला चित्र काढावं लागलं नाही. त्या बाकामुळे पाण्याचा वेग मोडतो आणि ओठाशी ते शांत होऊन येतं. टोक किंचित खाली झुकलेलं आणि तिरकं कापलेलं असलं की धार ओठ सोडून सरळ उभी पडते, केलर यांच्या हवेला तिला मागे दाबायची संधी मिळत नाही.

ही सगळी शास्त्रीय तयारी घेऊन साहेब भंडाऱ्याला गेले.

भंडारा म्हणजे पितळेचं गाव. स्टीलने घरं जिंकायच्या आधी इथली पितळी भांडी लांबलांब जायची, आणि गोंदिया तेव्हा याच जिल्ह्यात होता, त्यामुळे साहेबांना हा प्रवास माहेरी गेल्यासारखा वाटला. त्यांच्या मनात एक जुळणी पक्की झाली होती. जपानमध्ये कॉफीच्या किटल्या ज्या भागात घडतात, तो निइगाता प्रांतातला त्सुबामे-सान्जो परिसर. निइगाता हा भाताचा प्रांत आहे, कोशिहिकारी नावाचा तिथला तांदूळ जपानभर मिरवतो. तिथल्या शिनानो नदीला पूर यायचे, शेती बुडायची, म्हणून एदो काळात शेतकऱ्यांना जोडधंदा म्हणून खिळे करायला शिकवलं गेलं. खिळ्यांवरून ते तंबाखूच्या चिलमींवर आले, तांब्याच्या भांड्यांवर आले, विसाव्या शतकात पाश्चात्त्य काटे-चमचे करू लागले, आणि आज बारीक तोटीच्या स्टीलच्या किटल्याही तिथेच होतात. १८१६ पासून तांब्याची भांडी हातोडीने ठोकून घडवणारं ग्योकुसेन्दो हे घराणं तिथे अजून आहे. इकडे वैनगंगा, धान आणि पितळ. साहेबांचं म्हणणं, आपल्याकडे काय कमी आहे?

शिवाय या साऱ्या प्रकाराची सुरुवातच पितळेपासून झालेली. १९०८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीने एका पितळी भांड्याला भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद त्यात बसवला आणि कॉफी गाळली. चोथ्याविना कॉफी. त्याच वर्षी तिने पेटंट घेतलं आणि कंपनी काढली. मुलाच्या अभ्यासाचं काय झालं याची नोंद कुणी ठेवलेली दिसत नाही.

भंडाऱ्याच्या कारागिराने साहेबांचं सगळं ऐकून घेतलं. चित्र पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, “नळी वाकवून देतो जी. आत राळ भरतो, वाकवतो, मंग तापवून राळ काढतो, म्हणजे नळी चपटी नाही होत. तोटी झाली. पण अंदर कल्हई कशी कराची?”

“म्हणजे?”

“भांडं तापवाचं, नवसागर टाकाचा, कथील फिरवाचं, कापसानं पुसाचं. येवढ्याशा नळीत कापूस घालू कुठून? आन् बिनकल्हईच्या पितळेत तुम्ही रोज पानी उकळनार?”

एवढं नेमकं तांत्रिक परीक्षण साहेबांनी तोवर कुठेही वाचलं नव्हतं. निइगाताशी बरोबरी करायचा विचार कापसाच्या एका बोळ्यावर अडला. कारागिराने वर चहा पाजला, साखर घालून. साहेबांनी तो नाकारला नाही.

राहिली ती ऑनलाइन बाजारपेठ. रात्री फोनवर भाच्याचं मार्गदर्शन सुरू झालं. भाचा विजेच्या किटलीच्या बाजूचा. अमेरिकन ‘फेलो’ कंपनीची ‘स्टॅग’ घ्या, म्हणाला. बटण फिरवलं की ठरवलेल्या अंशावर पाणी तापतं आणि तिथेच थांबतं, शिवाय दिसायला अशी की ओट्यावर ठेवली तर पाहुणे आधी तिलाच नमस्कार करतील. साहेबांनी किंमत विचारली. मग पुन्हा विचारली, फोनवर नीट ऐकू आलं नसेल म्हणून.

पैशांचं सोडा, पण विजेच्या किटलीबद्दल साहेबांचे आक्षेप विचार करण्यासारखे होते. मे महिन्यात पूर्व विदर्भात संध्याकाळची वावटळ उठली की वीज जाते, आणि ती कधी येईल हे सांगायला इग नोबेलवाल्यांपैकीच कुणी लागेल. गॅस तेव्हाही पेटतो. अंशांचं म्हणाल, तर गोंदिया समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, म्हणजे पाणी इथे ९९ अंशांच्या आसपास उकळतं. कासुया यांना लागतं ९२ च्या जवळचं. उकळी आली, गॅस बंद केला, झाकण उघडलं आणि तोवर कागदी गाळणी धुऊन घेतली की तेवढे अंश आपोआप उतरतात. मेमध्ये जरा जास्त थांबायचं, जानेवारीत घाई करायची. खात्री हवी असेल तर स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर बुडवावा. एवढ्यासाठी किटलीच्या बुडात संगणक कशाला?

प्रस्तुत लेखकाला साहेबांचं हे म्हणणं पटतं. विजेच्या किटलीने सोय होते यात वाद नाही, सकाळी घाई असलेल्या माणसाने ती जरूर घ्यावी. पण हाताने कॉफी गाळायला बसलेल्या माणसाला घाई असण्याचं कारण काय?

मग गॅसवरच्या किटल्या. हारिओची ‘बुओनो’ सगळ्यांत ओळखीची, पोटाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वळ्यांची घडण असलेली. तिचा मोठा आकार १.२ लिटरचा, पण तोंडापर्यंत भरायचा नसतो; साधारण ८०० मिलिलिटरवर थांबायचं. कोणतीही लांब तोटीची किटली गच्च भरून उकळली की पाणी झाकणाची वाट न पाहता तोटीतून उसळून बाहेर येतं, आणि ते ओट्यावर थांबत नाही. फार कमी भरली तर भांडं इतकं कलवावं लागतं की मनगट थरथरतं. ३०० ग्रॅम पाणी ओतणाऱ्या घराला ६०० ते ९०० मिलिलिटरची किटली पुरते. त्याहून मोठी घेणारे पुढे तिच्यात अंडी उकडताना दिसतात.

लहान किटलीची अडचण वेगळीच. आपल्या गॅसच्या शेगडीचे पाय कढई आणि कुकरसाठी केलेले. अरुंद बुडाचं भांडं त्यांच्यावर तीन पायांच्या स्टुलावर बसल्यासारखं डुगडुगतं. त्यासाठी मोक्याची वस्तू म्हणजे छोट्या भांड्यांची जाळी. ती भांड्यांच्या दुकानात अगदी थोडक्या पैशांत मिळते आणि किटलीच्या कुठल्याही जाहिरातीत तिचा उल्लेख नसतो. दुसरं, मोठ्या बर्नरची ज्योत बुडाबाहेर येऊन प्लास्टिकच्या मुठीला चाटते. म्हणून लहान बर्नर, मंद आंच. आणि मूठ अशी हवी की भरलेली किटली उचलताना बोटं तापलेल्या पोटाला टेकणार नाहीत. ऑनलाइन घेणाऱ्याला हे कळायचा मार्ग एकच. घरातलं तेवढंच वजन भरलेलं भांडं हातात धरून बसायचं. साहेब पाण्याने भरलेला तांब्या हातात घेऊन टीव्हीसमोर बसले. सौ.नी विचारलं, “काही संकल्प सोडताय का?”

अखेर देशी बनावटीची, ७०० मिलिलिटरची, साध्या स्टीलची किटली आली. तोटी तळातून निघालेली, टोक बारीक, बुओनोच्या मानाने कितीतरी स्वस्त. झाकणात थर्मामीटरची गोल तबकडी होती. ती हळू चालायची, म्हणून साहेबांनी तिच्याकडे बघणं सोडलं.

आता सराव. टोकियोत कात्सुजी दाइबो यांनी १९७५ ते २०१३ एकच कॉफीघर चालवलं. कापडी गाळणी, आणि तीवर पाणी सोडायचं ते जवळजवळ थेंबाथेंबाने. ३८ वर्षं. बँकेत ३६ काढलेल्या साहेबांना हा आकडा ऐकून आपुलकी वाटली. त्यांनी रिकाम्या ड्रिपरवर, मग कुंडीवर, मग मोजमापाच्या काट्यावर ठेवलेल्या वाटीत धार धरायला सुरुवात केली. मधून बाहेर, बाहेरून मध्ये, पाच रुपयांच्या नाण्याएवढं वर्तुळ. किटली हातात घट्ट धरली की धार नाचते, सैल धरली की थांबते, हे पुस्तकात नसतं.

उंचीचा प्रश्न मात्र नुकताच शास्त्रज्ञांनी सोडवला आहे. २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक निबंध ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात आला. कॉफीच्या भुकटीतून आरपार दिसत नाही, म्हणून त्यांनी काचेच्या नरसाळ्यात पारदर्शक सिलिका जेलचे कण भरले, लेसरचा प्रकाश सोडला आणि लांब तोटीच्या किटलीतून वरून पाणी ओतलं. धार उंचावरून पडली की ती थरात खोल शिरते, बाजूचे कण दरडीसारखे आत कोसळतात आणि सगळं नीट ढवळलं जातं. कमी कॉफीत तेवढाच कस उतरतो. अट एकच, धार अखंड हवी. ती फार बारीक झाली की वाटेतच तुटून थेंब होतात आणि मग उंचीचा उपयोग नाही. म्हणजे किटलीची तोटी फार अरुंद असून चालत नाही. साहेबांनी हा निष्कर्ष भाच्याला कळवला, तेव्हा भाच्याने अंगठा पाठवला.

गोंदिया स्थानकावर मुंबई-हावडा गाड्यांना चहा देणारे हात उंचावरून धार सोडतात, पण त्यांचा हेतू फेस काढण्याचा आणि चहा जरा निववण्याचा. त्यांना २० ग्रॅम आणि ३०० ग्रॅमचा हिशेब सांगायला जाऊ नये. गाडी सुटते.

पाण्याने मात्र साहेबांना गाठलंच. घरचं पाणी बोअरचं. किटलीच्या पोटात पांढरा थर धरला, तो घासता येतो. तोटीत धरला, तिथे हात पोचत नाही. धार वाकडी पडू लागली. झारीची तोटी अडवणारे शुक्राचार्य बळीराजाच्या यज्ञापासून मराठी माणसाच्या परिचयाचे आहेत, आणि वामनाने दर्भाची काडी घालून जे केलं ते साफसफाईच्या दृष्टीने योग्यच होतं, शुक्राचार्यांच्या डोळ्याचं जरा बाजूला ठेवलं तर. आजकाल चमचाभर निंबूसत पाण्यात टाकून उकळलं आणि तासभर ठेवून दोनदा विसळलं की थर सुटतो. कॉफीसाठी गाळलेलं पाणी घेतलं तर तो धरतही नाही, आणि चवही सुधारते. कठीण पाण्यात चिकमगळूरची आणि चिखलदऱ्याची कॉफी सारखीच लागते. चिखलदऱ्याला कॉफी पिकते, आपल्या विदर्भात, हे साहेब आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. ऐकणारा बहुधा चहा मागतो.

सौ. हल्ली सकाळी तेच पेय घेतात, दूध घालून, आणि वरून साखर. कासुया यांना कळवू नका, असं साहेबांचं सांगणं आहे.

परवा शेजारचे योगशिक्षक दारात उभे राहिले. वर्गाला उशीर होत होता. “साहेब, तुमची ते लांब चोचीची किटली द्या ना जी जरा. आमचं नेतीचं भांडं गळून राह्यलं. कोमट पानीच घालतो, खराब नाही होत.”

साहेबांनी त्यांना बसवलं, आणि हवेचा दाब तोटीच्या ओठाशी काय करतो ते पहिल्यापासून समजावून सांगायला घेतलं.